चिकाआडचा होकार

लष्कर, ग्वाल्हेर
ता. १२ मार्च १९३४

ती. विमलअक्कास दुर्गाचे शि. सा. न. वि. वि.

तुझी लीला सहावी पास होणार हे वाचून आनंद झाला, पण तिला इथे माझ्याकडे पाठवशील तर सातवीचा वर्गच नसेल. आणि तो माझ्याच हातून बुडाला गं!

आमच्या कन्याशाळेच्या कमिटीत आम्हा मास्तरणींना बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बसवतात. अध्यक्ष संभाजीराव विचारतात, काही हरकत? आतून बांगड्या वाजल्या की होकार धरायचा, अशी रीत. काल त्यांनी सातवी बंद करायचा ठराव मांडला. वाढलेल्या मुली नई सडकेवरून पुस्तकं मिरवत जातात, शोभत नाही म्हणे. मला राहवेना. बोलायचं म्हणून मी हात वर केला. पडद्याआडचा हात कुणाला दिसतो? बांगड्या तेवढ्या वाजल्या! बाईंची रजामंदी आहे, मंजूर, म्हणाले. मी सावरेपर्यंत पुढचा विषय निघालाही. शेजारी शालिनीताई रडायलाच लागल्या.

येत्या रविवारी ठराव कायम होईल. काय करू?

भावजींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ करू नकोस.

तुझी
दुर्गा


उज्जैन
ता. १५ मार्च १९३४

चि. सौ. दुर्गास विमलचे अ. उ. आ.

वेडी की खुळी तू? पुरुषांच्या सभेत तोंड उघडशील तर नोकरी जाईल, आणि तुझ्या सासूबाईंना तुला घरी बसवायला आयतंच कारण मिळेल. रविवारी बांगड्यांवर रुमाल बांधून गप्प बस, म्हणजे पुन्हा काही वाजायला नको.

लीलाचं म्हणशील तर मामंजींनी देवासचं स्थळ काढलंय. मला कोण विचारतंय! मीही दाराआडच उभी असते, तुझ्यासारखी. पोरगी मात्र रोज विचारते, मावशीकडे कधी जायचं.

जपून राहा. खुशालीच्या दोन ओळी तरी लिही.

तुझी
अक्का


लष्कर, ग्वाल्हेर
ता. १९ मार्च १९३४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसा रुमाल बांधला. संभाजीरावांनी हरकत विचारली. आत सगळं चूप. पुन्हा विचारलं, तरी चूप. सेक्रेटरी माधवराव म्हणाले, आत कुणी आहे की नाही? तेव्हा मी बोलले. आवाज असा चिरका निघाला की माझी मलाच लाज वाटली. घाबरून निम्मं हिंदीच आलं, की मैंने हाथ बोलने को उठाया था, रजामंदी नव्हती माझी.

संभाजीराव गरजले, कोण बोललं? शालिनीताईंच्या माथी मारतील म्हणून मी चिक सारून बाहेर आले. टेबलाची कड धरून म्हटलं, मी, दुर्गा. मुलींना रोज मीच सोबत आणीन, पण सातवी राहू द्या. माधवरावांनी विचारलं, चार मुलींसाठी वर्ग कसा चालवायचा, पाच तरी हव्यात. मी पाचवं नाव सांगून बसले. लीलाचं. तुला न विचारता!

शाळा उघडेल त्या दिवशी पाचवी मुलगी नसली तर वर्गही नाही आणि मीही नाही, असं अध्यक्षांनी बजावलंय. रागाव, हवं तितकं बोल, पण पोरीला पाठव.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली
दुर्गा


उज्जैन
ता. ९ एप्रिल १९३४

चि. सौ. दुर्गास अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी कपाळाला हात लावला. मग रडले. उत्तर लिहायला हात धजेना.

काल देवासचे पाहुणे आले. मी आत कणीक मळत होते. मामंजींनी ओटीवरूनच विचारलं, सूनबाई, तुमची हरकत नाही ना? कणीक मळताना बांगड्या वाजणारच. पण तेवढ्यावर ते खुशाल मुहूर्ताचं बोलायला लागले! असा संताप आला म्हणून सांगू. भरल्या हातांनीच बाहेर आले आणि म्हटलं, हरकत आहे. लीला ग्वाल्हेरला शिकायला जाणार आहे.

पाहुणे चहा टाकून उठले. मामंजी माझ्याशी बोलत नाहीत. ह्यांनी मात्र आज सकाळी लीलाच्या पेटीला नवं कुलूप बसवून आणलं.

शाळा उघडायच्या आधी ती गाडीत बसेल. स्टेशनवर तूच ये. आणि स्टेशनाबाहेर पडावाच्या अड्ड्यावर पडद्याचा टांगा करू नकोस. उघड्या टांग्यातून ने तिला, नई सडकेवरून.

तुझी
अक्का