साडेनऊ शेर

१७ नोव्हेंबर १९५७

आलो एकदाचे! समोर तापी, तापीपलीकडे प्रकाशा, आणि अलीकडच्या काठाला आमचं हे नवं गाव. नथ्थूशेठच्या दुकानात सरकी, गुरांची ढेप आणि धान्य तोलायची नोकरी मिळाली. राहायला दुकानामागच्याच दोन खोल्या. चूल बघून निर्मलाने नाक मुरडलं, पण दिवेलागणीच्या आत तीच चूल सारवून, पेटवून, तिच्यावर भाकरी टाकून मोकळी झाली.

उखा तर खूशच आहे. आमची आधीची दोन पोरं टिकली नाहीत, म्हणून याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवला, उचलला आणि नाव उखा ठेवलं. नाव कसलंही असो, दोन वर्षांचा गडी राजबिंडा आहे. दुकानातला आढ्याला टांगलेला मोठा तराजू त्याला झोपाळाच वाटला. हट्टच धरला, तेव्हा बसवला पारड्यात आणि हौसेने तोलला. साडेनऊ शेर! शेठसुद्धा हसले.

२६ नोव्हेंबर

शेठची एकच तक्रार, माझा हात फार सरळ आहे. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी शिकवलं: माल तोलताना करंगळी पारड्याच्या कडेला नुसती टेकवायची, की माल आपोआप भरतो. वर म्हणाले, सरळ हात शाळामा बरा, दुकानमा नही. पहिले दोन दिवस करंगळी टेकेचना. काल जमलं. आज तर किती गिऱ्हाइकांना केलं ते आठवतसुद्धा नाही. निर्मलाला सांगितलेलं नाही. तिला कळलं तर माझी काही धडगत नाही.

४ डिसेंबर

उखाला तीन दिवस हगवण आणि अंगात कणकण. शेजारच्या तापीबाईंचं म्हणणं, दात येई ऱ्हायनात, आपोआप थांबेल. निर्मला ऐकेना, म्हणून नावेने पलीकडे जाऊन शहाद्याच्या डॉक्टरांकडे नेला. त्यांनी पुड्या दिल्या, सारखं पाणी पाजत राहा म्हणाले, आणि बजावलं की वजन घसरलं तर त्याच दिवशी पोराला घेऊन या. मी म्हटलं, वजनाची काळजी आमच्यावर सोडा, धंदाच आहे आमचा. डॉक्टर हसले नाहीत.

७ डिसेंबर

रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी उखाला तोलतो. पडू नये म्हणून एक हात पारड्याला लावून ठेवतो. साडेनऊ शेर, काल तेवढाच आज. तरी निर्मलाचं आपलं तेच, काटा काहीबी सांगो, मन्हा हातले पोऱ्या हालका लागस. मी विचारलं, तुझ्या हातांवर सरकारी छाप कधी मारून आणलास? चिडली.

११ डिसेंबर

साडेनऊ.

पुड्या संपल्या, हगवण थांबत नाही. मांजर शेजारी येऊन बसतं तरी पोर शेपटी ओढत नाही. नुसतं बघतं. निर्मला म्हणते शहाद्याला चला. मी तिच्यावर ओरडलो, काटा खोटा आणि तू तेवढी खरी का? नंतर वाईट वाटलं. उखाला खांद्यावर घेऊन अंगणात फिरलो. मध्येच हात वर करून चाचपून बघितलं, खांद्यावर आहे ना. इतकं काहीच ओझं लागत नव्हतं.

हे वाक्य खोडायला हवं. दिवसभर ढेपेची पोती उचलणाऱ्याला पोराचा भार काय कळणार. साडेनऊ म्हणजे साडेनऊ.

१४ डिसेंबर

साडेनऊ. डोळे खोल गेलेत. रडतो, पण डोळ्यांतून पाणी येत नाही.

मी दुकानात असताना निर्मला त्याला घेऊन एकटीच नावेकडे निघाली होती. धावत जाऊन परत आणली. चार लोकांदेखत. म्हटलं, घसरू दे एक पावशेर, मीच नेतो. ती रडली नाही. म्हणाली, उद्या तोलशात तवय मी समोर उभी ऱ्हासू.

१५ डिसेंबर, सकाळ

साडेनऊ —

निर्मला समोर उभी होती. काट्याकडे बघत नव्हती. माझ्या हाताकडे बघत होती. मग पुढे आली, माझं मनगट धरलं आणि बाजूला केलं.

उखाचं पारडं वर गेलं.

समोरची वजनं काढत गेलो. एक शेर. अर्धा. तेव्हा कुठे काटा मध्ये आला. आठ शेर.

करंगळी — पारड्याच्या कडेला — इतके दिवस, रोज — मी टेकवली नव्हती. देवाशपथ, मला ठाऊकसुद्धा —

दुपार, नावेत

लिहितोय, कारण हात मोकळा ठेवायची भीती वाटते. करंगळी वाकलीय, सरळ होत नाही. उखाला घ्यायला हात पुढे केला तर निर्मलाने पाठ फिरवली. बरोबर केलं तिने. तिला कळत होतं. मलाही कळलं होतं, त्या दिवशी, अंगणात —

१६ डिसेंबर, शहादा

अंगातलं सगळं पाणी गेलंय. सलाइन लावलं. डॉक्टरांनी विचारलं, वजन बघत होतात ना? मी —

उद्या तोलणार. वाढलं तर आशा आहे म्हणतात.

१७ डिसेंबर

कंपाउंडरने तोलला. साडेआठ! वाढला —

मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, पारड्याला हात कशाला लावलात?

लावला नव्हता. दोन्ही हात पाठीमागे होते. होते ना — मीच ठेवले होते — ही करंगळी थंड कशी —

काटा नको. परत तोलू नका म्हटलं. निर्मलाला म्हटलं, तू उचल. तुझे हात सांगतील तेच खरं.

मी दाराशी. वही घट्ट धरलीय, दोन्ही हातांनी.

उचलला तिने. खाली ठेवला. पुन्हा उचलला. तिने डोळे मिटलेत.

आता माझ्याकडे बघतेय — ओठ हलले — म्हणतेय, उखा —