दुसरं आणि तिसरं रीळ

बाबा,

तुमच्या त्या इटालियन दिग्दर्शकाचा सिनेमा मी गेल्या रविवारी दुपारी पाहिला. हूफडॉर्पहून बसने ॲमस्टरडॅमला गेले, एका लहानशा थिएटरात. तिथे तिकिटाबरोबर कॉफी आणि एक बिस्किट देतात. प्रेक्षक दहा-बारा, आणि मी सोडून सगळे सत्तरीच्या पुढचे. बोलणं इटालियन, खालच्या ओळी डच, आणि माझं डच अजून डॉक्टर आणि सुपरमार्केटपुरतंच, त्यामुळे ओळ वाचून होईपर्यंत पुढची यायची. तरी काळजी नव्हती, सिनेमा मला पाठ आहे असं मी समजत होते. मिठागराच्या गावातली ती आई, तिचा तो उंच मुलगा. अर्ध्या तासाने मुलगा घर सोडून निघाला आणि मी खुर्चीत ताठ बसले. हा आत्ता कुठे निघाला? आधी तो परत यायला हवा होता.

दुसऱ्यांच्या घरी रामाच्या, शिवाजीच्या गोष्टी सांगत, आपल्याकडे याच्या. शाळेत जाण्याआधी मी जे शिकले ते तुमच्या ड्रॉइंगच्या टेबलाशी. तुम्ही पाटबंधारे खात्याचे नकाशे ट्रेस करताय, मी खाली बसून पाटीवर गिरवतेय, आणि तुम्ही मान वर न करता सांगताय : त्याचा बाप नदीवर होडी चालवायचा. तो शहरात आला तो दुसऱ्यांच्या सिनेमांचे संवाद लिहायला. पहिल्या सिनेमाने नाव झालं, दुसरा निर्मात्याने कापून टाकला, मग कुणी विचारेना. मग त्याने कित्येक वर्षं बिस्किटांच्या जाहिराती केल्या. "पण बिस्किटावरचा उजेड कधी चुकवला नाही हं," असं तुम्ही म्हणायचात, जणू तुम्ही तिथे बाजूला उभे होतात. म्हातारपणी तो आईच्या गावी परतला आणि उसन्या कॅमेऱ्याने हा शेवटचा सिनेमा केला. मी नऊ वर्षांची असताना तुम्ही मला त्याच्यावर तुमच्या फिल्म सोसायटीच्या पत्रकासाठी दहा ओळी लिहायला सांगितल्यात. मी लिहिलं की त्याची आई लहानपणीच गेली. तुम्ही विचारलंत, "हे कुठे वाचलंस?" मी म्हटलं, "वाचलं नाही, तसं असेल असं वाटलं." तुम्ही ब्लेडने ती ओळ खरवडून काढलीत. "वाटलं ते पत्रकात जात नाही. खात्री नसेल तर गप्प बसायचं." आवाज चढवला नव्हतात, तरी मी दोन दिवस नीट जेवले नाही. आज ऑफिसात दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हेच माझं काम आहे, आणि पाठवलेली प्रत्येक मेल मी पाठवल्यावर पुन्हा एकदा वाचते.

त्याच महिन्यात तो सिनेमा मिरजेला आला. मुंबईहून एस.टी.च्या पार्सलने रिळांचे चार डबे आले, त्यातल्या दोन डब्यांची लेबलं वाटेत निघून गेलेली. आधी लावून बघावं तर दुपारभर वीज नव्हती. तुम्ही शाळेच्या हॉलच्या खिडकीशी उभे राहिलात, दोन्ही रिळांची थोडी थोडी पट्टी उजेडावर धरून पाहिलीत, आणि म्हणालात, "हे आधी." संध्याकाळी वीज आली. प्रोजेक्टर एकच, त्यामुळे प्रत्येक रिळानंतर दिवे लागत, आणि तेवढ्यात तुम्ही पुढे उभे राहून समजावून सांगत होतात, कारण पडद्यावर खाली ओळी नव्हत्या आणि इटालियन कुणालाच येत नव्हतं. मुलगा परत आला, मग गेला. शेवटच्या रिळात आई एकटीच मीठ ओढत होती. दिवे लागले, आणि मग टाळ्या, पुष्कळ वेळ.

त्यावर तुम्ही लिहिलेला लेख हा तुमचा सगळ्यात चांगला लेख. "घरी राहिलेल्या माणसाकडे मुलगा एकदाच परत येतो, पण जातो तो रोज. म्हणून दिग्दर्शक येणं आधी दाखवतो आणि जाणं नंतर." गेल्या रविवारी थिएटरात एक कागद वाटला होता, तो मी परतीच्या बसमध्ये एकेक शब्द शोधत वाचला. होडी खरी, बिस्किटं खरी, उसना कॅमेराही खरा. पण खाली लिहिलं होतं की काळ उलटसुलट करणं त्याला मुळीच आवडत नसे. जे आधी घडलं ते आधी दाखवावं, असा त्याचा हट्ट. त्याच्या सिनेमात मुलगा जातो, मग येतो, आणि शेवटी आई मीठ ओढते तेव्हा तो आत झोपलेला असतो. तुमच्या सिनेमात घर रिकामं होतं.

हे मला नुसतं कळलं असतं तर मी ते मनात ठेवलं असतं. पण सोसायटीला पन्नास वर्षं होताहेत आणि तुमच्या लेखांचं पुस्तक निघतंय. तुमच्याबरोबर सोसायटी चालवणाऱ्या पोस्टातल्या काकांनी सगळे लेख स्वतः टाइप केलेत आणि शेवटची तपासणी माझ्याकडे दिलीय. मी त्यांना फोन केला.

"काका, दुसरं आणि तिसरं रीळ उलटं लागलं होतं."

"म्हणजे काय झालं?"

"म्हणजे मुलगा आधी जातो आणि मग येतो."

"अगं, जगात सगळेच आधी जातात आणि मग येतात. त्याला कशाला लागतो सिनेमा?" मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "तिकडे जाऊन बापाच्या चुका काढायला लागलीस होय गं? त्या लेखावरून आम्ही तीन वर्षं भांडलो. आता ते भांडणही चूक म्हणायचं का?"

आईला विचारलं तर ती भाजी निवडत होती. "चुकले असतील. ते काय देव होते? ड्राफ्ट्समन होते. एकदा नकाशात कालवा चढावर नेला होता त्यांनी. ते लिही, आणि जेवलीस का ते सांग."

लेख काढावा तर पुस्तकात तुम्हीच उरत नाही. तसाच ठेवावा तर खात्री नसलेली गोष्ट तुमच्या नावाने छापली जाते, आणि ती छापणारी मी. चार दिवस मी हेच करतेय. सायकलवरून स्टेशनला जाते, येते, फाइल उघडते, बंद करते.

काल माळ्यावरून बॅग काढली, तुम्ही दिलेली. आइंडहोवनला शिकत असताना मी दोन आठवड्यांसाठी घरी आले होते, ती शेवटची वेळ. निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही तुमच्या त्या नकाशातल्या अक्षरात माझा पत्ता लिहून बॅगेवर चिकटवलात. वरून टेप. मग तसंच दुसरं लेबल आतल्या बाजूला. मी हसले, "बाबा, एका बॅगेला किती?" तुम्ही टेप अंगठ्याने दाबत म्हणालात, "लेबलं निघतात." तेव्हा मला ते तुमच्या स्वभावातलं वाटलं. चार महिन्यांनी तुम्ही गेलात. काल मी ते लेबल नखाने उचकटून पाहिलं. निघत नाही. तो सिनेमा तुम्ही पुन्हा कधी मागवला नाहीत, बाकीचे सगळे दोन-दोनदा दाखवलेत, हेही मला कालच आठवलं.

शेवटी आज लेखाखाली टीप लिहिली : "आपल्याकडे आलेल्या प्रतीच्या दोन डब्यांची लेबलं निघाली होती, त्यामुळे दुसरं आणि तिसरं रीळ उलट क्रमाने दाखवलं गेलं. लेख त्या प्रदर्शनावर आहे." तुमच्या वाक्याला हात लावला नाही. इथे राहून मला ते त्याच्या सिनेमापेक्षा खरं वाटतं. फाइल काकांना पाठवली, आणि पाठवल्यावर पुन्हा वाचली.

एक गोष्ट टिपेत नाही. निघताना आई मुलाच्या कोटाला बटण शिवते, काळ्या बटणांत एक पांढरं, घरात दुसरं नसतं म्हणून. आपल्या हॉलमध्ये तो ते पांढरं बटण लावूनच परत आला होता, शिवण्याच्या आधी. मी पुढच्या सतरंजीवर बसले होते, मला दिसलं. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात चहा घेताना तुम्ही आईला तेच येणं-जाणं समजावत होतात, इतके खुश, की बशीतला चहा गार झाला. मी समोरच होते. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की खात्री नव्हती म्हणून गप्प बसले, तुम्ही शिकवलंत तसं.

खात्री होती, बाबा.