तृप्तीचा उत्साह कमी पडतो

१ जानेवारी, बुधवार
या वर्षी बाळ. ठरलं. लग्नाला चार वर्षं झाली, प्रयत्नांना दोन. आतापर्यंत सगळं देवावर सोडलं होतं. ही चूक. मी नाशकात अंबडच्या कंपनीत क्वालिटीला आहे, देवावर सोडलेला माल आम्ही गेटच्या आत घेत नाही. आजपासून सिस्टीम. मोबाइलवर ॲप घेतलं, तृप्तीच्या तारखा भरल्या. कामाचे दिवस हिरव्या रंगात दिसतात. संकल्प: पहाटे चालणे, भिजवलेले बदाम, तंबाखू पूर्ण बंद. तृप्तीला सगळं नीट समजावलं. ती शाळेतल्या वह्या तपासत होती. म्हणाली, बरं. एवढंच. उत्साह कमी पडतो.

३ जानेवारी, शुक्रवार
चाललो नाही. थंडी फार. अशा थंडीत अंगातली ऊब बाहेर नेऊन उधळणं शास्त्रीयदृष्ट्या चूक वाटतं. त्याऐवजी कढत पाण्याने दोन बादल्या अंघोळ. बदाम ऑफिसला नेले, ते इतरांनी खाल्ले. तंबाखू बंद आहे. चहानंतरची धरत नाही.

९ जानेवारी, गुरुवार
हिरवा दिवस! सकाळीच तृप्तीला मेसेज: आज हिरवा. तिचं उत्तर दुपारी: ओके. येताना गजरा घेतला. घरी पोचलो, जेवलो, जरा पाठ टेकली. डोळे उघडले तर बाहेर दूधवाला. अंगावर पांघरूण घातलेलं. म्हणजे तृप्ती जागी होती. पांघरूण घालता येतं तर हलवून उठवताही येतं. मनापासून इच्छा असती तर उठवलं असतं.

१० जानेवारी, शुक्रवार
दुसरा हिरवा. आज चूक नको म्हणून ॲपचा अलार्म लावला. नेमका तृप्तीने मान माझ्या खांद्यावर टेकली तेव्हाच तो वाजला. ती उठून पाणी प्यायला गेली ती बराच वेळ आलीच नाही. नंतर म्हणाली, माझ्याकडे येताना शिफ्टला आल्यासारखा येऊ नकोस. मी दुखावलो. इतकी मेहनत घेतोय.

१९ जानेवारी, रविवार
शेजारच्या मीनावहिनींच्या नातवाचं बोरन्हाण. तृप्ती नको म्हणत होती. मीच पाठवलं, मुलाबाळांत मिसळलं की मन तयार होतं. ती अर्ध्या तासात परत. म्हणाली, बोरं, चुरमुरे, गोळ्या पोराच्या डोक्यावर ओतल्या आणि मग तिथल्या बायकांनी तिच्याकडे पाहून विचारलं, आता तुमच्याकडे कधी? मी म्हटलं, मग हसून 'लवकरच' म्हणायचं. यावर ती बेडरूममध्ये गेली. पिशवीतली बोरं मी संपवली. गोड होती.

२५ जानेवारी, शनिवार
कॉलेज रोडच्या डॉक्टर मॅडमकडे. मी ॲपचे सगळे तक्ते दाखवले, त्यांनी पाहिल्यासारखं केलं. तृप्तीला भराभर तपासण्या लिहून दिल्या. मला एकच, वीर्याची. यावरून काय ते कळतं. जिथे शंका जास्त, तिथे तपासणी जास्त. आमच्याकडेही हाच नियम आहे. तृप्तीला हे सांगितलं नाही. तिचं मन जपायला हवं.

१ फेब्रुवारी, शनिवार
तृप्तीचं रक्त देऊन झालं. माझं राहिलं. घराजवळच्या लॅबमध्ये काउंटरला आमच्याच बिल्डिंगचे मोतीरामभाऊ बसतात. गणपतीची वर्गणी आम्ही दोघं मिळून गोळा करतो. त्यांच्या हातात ती डबी द्यायची आणि मग त्यांच्याबरोबर आरती म्हणायची? अशक्य. शिवाय ऑडिट आलंय.

१२ फेब्रुवारी, बुधवार
तृप्तीची ट्यूबची तपासणी. औषध आत सोडून एक्स-रे काढतात. मी बाहेरच होतो, पूर्ण सपोर्ट. मधे सप्लायरचा फोन आला म्हणून जिना उतरलो, इतकंच. वर आलो तर ती भिंतीला धरून उभी, ओठ पांढरे. फार दुखलं म्हणाली. मी सांगितलं, लांब श्वास घ्यायचा असतो. तिला गाडीत बसवलं. पाथर्डी फाट्यावर सिग्नल लागला तेव्हा बोलली.

"तुझी कधी?"

म्हटलं, मार्चएंड होऊन जाऊ दे.

रिपोर्ट आला. ट्यूब मोकळ्या, रक्त उत्तम, सगळं व्यवस्थित. मग अडतंय कुठे? मला वाटतं, मनात. उत्साह.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
केक आणला. तृप्तीने एक तुकडा खाल्ला आणि शांतपणे जाहीर केलं: तुझी तपासणी होईपर्यंत हिरवं-पिवळं काही नाही. माझा मोबाइल घेऊन स्वतःच्या सगळ्या तारखा पुसल्या. माझ्यासमोर! डेटा गेला.

२२ फेब्रुवारी, शनिवार
धीर केला. पण नाशकात नाही, सिन्नरला. तिथे मला कुणी ओळखत नाही. टोपी, मास्क. नाव सांगताना आडनाव खाल्लं. डबी घेऊन वळलो तर बाकावर वाल्मीक! आमचा व्हेंडर. याने पाठवलेले सुटे भाग मी दर आठवड्याला नापास करून परत पाठवतो. शुगर तपासायला आला होता. मास्कवरूनही ओळखलं त्याने. मी म्हटलं, व्हेंडर व्हिजिटला आलो होतो. त्याने डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बाजूला सरकून जागा दिली.

"टेन्शन नका घेऊ, साहेब. माझंबी असंच व्हतं. औषध घेतलं, तंबाखू सोडली. आता दोन पोरी हायेत."

माझं तसं काही नाही, असं त्याला ठणकावून सांगितलं. तो हो म्हणाला.

२४ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी वाल्मीकचा माल आला. न तपासता पास केला.

दुपारी रिपोर्ट. संख्या कमी. जे आहेत तेही हलेनात. हे शक्यच नाही. लॅबला फोन करून मायक्रोस्कोपचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागितलं. शेवटची तारीख काय, कुणाची सही आहे? पलीकडच्या मुलीने आधी नमुना कुणाचा ते विचारलं. मी फोन ठेवला. तृप्तीला सांगितलं, रिपोर्ट यायचाय. चुकीचा रिपोर्ट हा रिपोर्ट नसतोच, तेव्हा खोटं बोललो असं होत नाही. सिन्नरची धूळ नडली असणार. पुन्हा करायची.

८ मार्च, शनिवार
मोतीरामभाऊंच्या काउंटरला गेलो. त्यांनी डबी दिली, खोली दाखवली आणि बाहेर येईपर्यंत एकदाही मान वर केली नाही. संध्याकाळी रिपोर्ट. सिन्नरपेक्षा वाईट.

सिन्नरचं मशीन बरोबर होतं.

१० मार्च, सोमवार
दुपारी एकटाच डॉक्टर मॅडमकडे गेलो. म्हणाल्या, उपाय आहेत, वेळ लागेल. तंबाखू बंद, कढत पाण्याच्या अंघोळी बंद, मांडीवर लॅपटॉप बंद, गोळ्या सुरू. तंबाखूच्या प्रश्नावर मी चहाचा मुद्दा काढला नाही.

घरी आलो. तृप्ती कणीक मळत होती. दोन्ही रिपोर्ट ओट्यावर ठेवले. तिने पिठाच्या हातांनीच वाचले आणि खाली फरशीवर बसली. रडायला लागली. मी म्हटलं, एवढं काही नाही, मी ठीक आहे. मला वाटलं, माझ्यासाठी रडते आहे.

"दोन वर्षं मला वाटत होतं, माझ्यातच काहीतरी आहे," ती म्हणाली. "तुला सांगायची भीती वाटायची."

तो उत्साह कमी नव्हता, ती भीती होती. मी तिला हिरवा रंग दाखवत होतो आणि ती मनातल्या मनात नापास होत होती. मला लाज वाटली. नुसती वाटली असं नाही, कान तापले. तिला तिथेच बसू दिलं आणि राहिलेली कणीक मी मळायला घेतली. पाणी जास्त झालं.

तेवढ्यात लासलगावहून आईचा फोन. हात भरलेले, म्हणून कोपराने स्पीकर लावला. आईने नेहमीचं सुरू केलं. विंचूरला एक बाई औषध देते, गुरुवारी तृप्तीला घेऊन ये, तिचं पोट थंड आहे, मी लग्नाच्या वेळीच म्हटलं होतं. तृप्तीने खालूनच हाताने खूण केली, जाऊ दे. आतापर्यंत अशा वेळी मी हो हो म्हणून विषय संपवत आलो. आज म्हटलं, आई, तृप्तीचं सगळं चांगलं आहे. दोष माझ्यात निघालाय. दोनदा तपासलं.

पलीकडे आईने टीव्ही बंद केला. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाली,

"बरं. हे तृप्तीला कळू देऊ नको."