गारठ्यात न टिकणारा आकडा

सौ. हिला सप्रेम आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? धाकट्याचा खोकला गेला का? नातीचा दात पडला, की अजून हलवतच बसते? मी ठणठणीत आहे. बोटं जरा बधिर होतात, म्हणून अक्षर वाकडं.

कंपनीने मला ज्या बिघाडासाठी इथे बोलावलं तो असा: शीतगृहाच्या यंत्रात तापमानाचा नवा आकडा भरला, तरी सकाळी जुनाच दिसायचा. साहेबांनी ठरवून टाकलं, यंत्रावरच्या बाई बटण नीट दाबत नाहीत. बावीस वर्षं राबलेल्या बाईंना घरी बसवलं. माझं डोकंच फिरलं.

इथला इंजिनियर दर वेळी यंत्रातलं सर्किटचं कार्ड काढून आपल्या उबदार टेबलावर तपासायचा. तिथे ते शहाण्यासारखं वागणारच. मी म्हटलं, "अरे बाबा, कुडकुडणाऱ्याला रजईत घालून विचारतोस, थंडी वाजते का?" मग मीच मीटर घेऊन आत गारठ्यात यंत्रापाशी उभा राहिलो. चिप आकडा लिहायला घेते नेमका तेव्हाच विजेचा दाब कोसळतो, कारण तो दाब सांभाळणारा कपॅसिटर गारठून मलूल होतो. आकडा लिहिलाच जात नाही, आणि पडद्यावर मात्र ‘नोंद झाली’.

कपॅसिटर बदलला, आकडा टिकला. तरी अहवालात ‘बाईंची चूक’ तशीच. साहेब म्हणतात, "काका, सही करा आणि गाडी पकडा." चोर सोडून संन्याशाला सुळी. मी सही केली नाही. बाई कामावर परत येईपर्यंत हलणार नाही, मग कंपनी मला पुन्हा बोलावो न बोलावो.

तेव्हा रविवारी वाट पाहू नकोस. पत्र मात्र लवकर टाक. त्यात ‘बरं केलंत’ एवढंच लिहिलंस तरी पुरे.