गाण्याचं पोट

आप्पा, तुमच्या त्या स्पीकरच्या डब्यांची मला शिसारी यायची. इतक्या वर्षांनी लिहितेय, तरी ती गेलेली नाही. जन्मभर लोणावळ्याच्या रेल्वे शेडमध्ये हातोड्यांच्या दणदणाटात काम केलंत आणि रिटायर झाल्यावर पुस्तकांच्या फळीवर मावतील एवढे लाकडी डबे करायला बसलात. सुतारकाम देखणं, त्यात वाद नाही. पण स्पीकरखालचं ते हवेचं भोक! कानशीने घासून घासून मोठं करत राहायचात. "गाण्याला पोट पायजे," म्हणायचात. डब्यावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे, मान डोलवायची. ऐकणाऱ्याला मात्र नुसतं बुंबुं. गाणारी बाई जशी रांजणात तोंड घालून गातेय. मी टेलिफोन ऑफिसात दिवसभर माणसांचे आवाज ऐकणारी, मला ते सहन व्हायचं नाही.

खंडाळ्याच्या बंगल्यातल्या बाईंनी एक जोडी परत आणून ठेवली. गाण्याचे शब्दच कळत नाहीत म्हणाल्या, संध्याकाळी येते सांगून गेल्या. मी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची नळी वळून भोकात बसवली आणि थोडी थोडी कापत गेले. दुपारी कधीतरी ते घुमणं थांबलं. ठेका खाली, मोकळा, आणि वर गाणारीचा शब्द न् शब्द. मला रडूच आलं. तेवढ्यात तुम्ही आलात, डब्यावर हात ठेवून पाहिलंत, हाताला दणका लागेना, तशी नळी उपसून फेकलीत. मग मी काय नाही बोलले! पॉलिशवर डाग पडतात, यापुढे हात लावायचा नाही, असं आईदेखत ओरडले. तुम्ही हात पाठीमागे घेतलेत आणि माझ्या ओठांकडे बघत राहिलात, शेडमधली सगळी माणसं बघतात तसे. नळी मी पुन्हा बसवली.

संध्याकाळी बाईंसमोर मी तुम्हाला विचारलं, आप्पा, आता कसं वाजतंय? तुम्ही आधी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलंत, मग माझ्या.

"व्हय, लय ब्येस वाजतंय."

बाई खाली बघू लागल्या. काय झालं ते तुम्हाला कळलं असावं, कारण त्यानंतर एकही डबा केला नाहीत. आप्पांचं वय झालं, असं मी लोकांना सांगत आले. आता माझीच किळस येते. हे पोस्टात टाकायचं नाही, म्हणून लिहिते: तुम्हाला ऐकू येत नाही, हे मला आधीच माहीत होतं. त्या संध्याकाळी रेकॉर्ड मी लावलीच नव्हती.