बाबांच्या डाव्या हातातलं घड्याळ

गाझियाबाद,
१४ मार्च १९९६

ति. गिरिजाताईंना पद्मजाचा नमस्कार,

इकडे सगळे बरे आहेत, हे वाक्य मी नेहमी आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मोकळी होते. कृतिकाची दहावी सुरू झाली असेल. तिला म्हणावं, मामीनं देवापाशी दिवा लावलाय, बाकीचं तिनं बघावं.

श्याम नव्या कंपनीत रुळलाय. सकाळी आठला जातो, रात्रीच्या जेवणाला येतो, आणि पगार वाढल्याचं सांगून लगेच झोपतो. दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून इथं आल्याला दोन वर्षं होतील, पण सोसायटीची लिफ्ट अजून जाहिरातीतच आहे. आम्ही पहिल्या मजल्यावर, म्हणून निभावतं.

दर रविवारी तुम्ही फोनवर विचारता, बाबांचा हात कसा आहे. मी म्हणते, सुधारतोय. फोन त्यांच्या कॉटच्या उशाशीच आहे, दुसरं काही म्हणता येत नाही. पत्रात म्हणता येईल म्हणून लिहायला बसले. ताई, हात सुधारलेला नाही. आणि त्यात माझा वाटा आहे.

बाबांचं ते सोनेरी स्विस घड्याळ तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. सरकारी शिष्टमंडळाबरोबर स्टेनो म्हणून जिनिव्हाला गेले होते, तेव्हा पोटाला चिमटा काढून घेतलेलं. ऑफिसला साधं चावीचं घड्याळ, आणि हे फक्त लग्नामुंजीला नि सव्वीस जानेवारीला. रिटायर झाल्यावर म्हणाले, आता रोजच सव्वीस जानेवारी, आणि रोज घालायला लागले. ‘याला चावी नाही, माणूस हलला की हे चालतं,’ हे तर तुम्ही लहानपणापासून ऐकलंय.

पक्षाघातानंतर हॉस्पिटलमधून घरी आले, त्या दिवशी त्यांनी आधी घड्याळ मागितलं. श्याम म्हणाला, उजव्या हातात बांधू या. बाबा म्हणाले, “उजवा हात लिहिण्याचा, डावा घड्याळाचा. आता शिस्त मोडायची नाही.” बांधलं. उशीवर पडून राहणाऱ्या हातात ते दोन दिवसांत बंद पडलं. बाबा त्याच्याकडे बघत राहिले आणि जेवायला नको म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अंघोळीच्या वेळी काढलेलं घड्याळ मी सहज माझ्या मनगटात अडकवलं. अंघोळ झाली की ते दमून जेवणापर्यंत झोपतात. तेवढ्यात मी कणीक मळली, पोळ्या लाटल्या, कपडे पिळून गच्चीवर वाळत घातले. मग झोपेतच त्यांच्या हातात ते पुन्हा बांधून टाकलं. जागे झाल्यावर त्यांनी उजव्या हातानं डावा उचलला, कानाशी नेला.

“पद्मजा, हे चालतंय. म्हणजे हात झोपेत हलत असणार.”

इतक्या आशेनं बघत होते की मी म्हटलं, “हो बाबा.”

त्या ‘हो’बद्दल मला फारसं वाईट वाटत नाही. तुम्हीही तेच म्हणाला असता. मी मात्र दुसऱ्या दिवशी घड्याळ पुन्हा घातलं, आणि मग रोजच घालायला लागले. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला मनगट दाखवायला लागले. श्यामला यातलं काही ठाऊक नाही.

हाताचे व्यायाम मलाच करून घ्यावे लागत. त्यांना फार दुखायचं. ओरडायचे, एकदा तेलाची वाटी भिरकावली, एकदा लहान मुलासारखे रडले. एक दिवस म्हणाले, “आता हे पुरे. हात आपोआप सुधारतोय, घड्याळ सांगतंयच की.” मी हट्ट धरायला हवा होता, निदान श्यामला सांगायला हवं होतं. मी तेलाची वाटी उचलून ठेवली. ताई, मला सुटल्यासारखं झालं. हे लिहिताना लाज वाटते, पण हेच खरं आहे.

अजून आहे. त्या मोकळ्या झालेल्या तासात मी मार्केटमधल्या कॉम्प्युटर क्लासला जायला लागले. बाबा झोपलेले, घरात कामवाली लता. जाताना घड्याळ हातातच. तिथली एक मुलगी म्हणाली, “आंटी, क्या घड़ी है, यार!” आणि मी पदर जरा मागे सारला. मनगटावरचं ते वजन मला आवडायला लागलं होतं. बाबांचा हात निजलेला, आणि त्यांचं घड्याळ घालून मी मिरवत होते.

गेल्या महिन्यात त्यांना दिल्लीला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हात उचलून सोडला, तो पडला. व्यायाम कुणी बंद केले, म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, “मीच. पण डॉक्टर, घड्याळ चालू आहे.” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली फरशीकडे बघत राहिले. ते म्हणाले, सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात, ते गेले. आता कष्ट जास्त आणि फळ कमी.

दुसऱ्या दिवसापासून मी घड्याळ घालणं सोडलं. क्लासही सोडला. अंघोळ झाली की ते लगेच त्यांच्या हातात बांधते. ते बंद पडलं, बाबांनी पाहिलं, आणि कुणालाच काही सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी मी चहा घेऊन गेले, तर उजव्या हातानं डावा मनगटात धरून ते वर नेत होते, खाली आणत होते, पुन्हा वर. हॉस्पिटलमधून सोडताना डॉक्टरांनी दाखवलं होतं, अगदी तस्सं. ओठ दाताखाली, कपाळावर घाम. मधेच थांबून घड्याळ कानाला लावायचे. आता हे रोज दोन्ही वेळा चालतं. माझ्या सांगण्यानं जे झालं नाही, ते बंद घड्याळानं केलं. मी ते तेव्हाच बंद पडू दिलं असतं, तर बाबा तेव्हाच व्यायामाला लागले असते. झोपताना हाच विचार येतो.

काल मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, “पद्मजा, घड्याळ मध्ये थांबलं होतं. माझाच आळस. श्यामला बोलू नकोस, आणि गिरिजाला तर बिल्कुल कळवू नकोस. पोरगी काळजी करेल.”

चूक माझी, आणि माफी ते मागत होते.

खरं सांगून टाकावं, असं तोंडाशी येतं. सांगितलं तर मी मोकळी होईन, पण त्यांची उमेद जाईल आणि हात पुन्हा उशीवर. म्हणून गप्प राहते. तुम्हाला मात्र कळलं पाहिजे होतं. मला काय बोलायचं ते बोला, फक्त फोनवर नको.

कृतिकाचा शेवटचा पेपर झाला की या. बाबा मनगट पुढे करतील. घड्याळ चालू असेल, तर म्हणा, “बाबा, हात हलतोय.” या वेळी ते खोटं नसेल.

मला ते म्हणायचा हक्क उरलेला नाही.

तुमची अपराधी भावजय,
पद्मजा