पेपर नंबर सातचा मार्गदर्शक

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून सगळं लिहून ठेवणार. माझ्याविरुद्ध काहीतरी शिजतंय. पुढेमागे पुरावा लागेल.

मुद्दा असा. पश्चिम विदर्भ राज्यशास्त्र मंडळात मी बावीस वर्षं आहे. तौलनिक राजकारण विभागाचं अध्यक्षपद जानेवारीत रिकामं होतंय. मंडळाची पद्धत अशी, की ज्याच्या विद्यार्थ्याच्या पेपरला सुवर्णपदक, त्या मार्गदर्शकाला अध्यक्षपद. कोणालाच पदक नाही, तर ज्येष्ठता. ज्येष्ठ कोण? मी. म्हणजे डॉ. हरीओम इंगोले, कारंजा.

आणि मानोऱ्याच्या कॉलेजातला दौलतसिंग राठोड परवा स्टँडवर भेटला, तर स्वतःहून चहा पाजला. काहून?

संकल्प : पहाटे पाचला उठणे. ‘भारत आणि स्वित्झर्लंड : एक तुलना’ हे पुस्तक डिसेंबरअखेर संपवणे. २०११ पासून भारत झालाय. स्वित्झर्लंड बाकी.

४ नोव्हेंबर. ८.२५
उठलो. अलार्म सौ.ने बंद केला असणार.

६ नोव्हेंबर
वैभवी आली होती. माझी पीएचडीची विद्यार्थिनी, धनजची. रोज एसटीनं येते. पेपर वाचून द्या म्हणते. ऑगस्टपासून तेच टुमणं. टेबलावर ठेव म्हणालो. ठेवलाच हाये सर, म्हणे, तुमच्या डब्याखाली. खरंच होता. मग घरचं काहीतरी सांगत होती, बाबा, लग्न, दोन वर्षं वगैरे. मी मस्टर शोधत होतो. कसलातरी प्रवेशअर्ज पुढे केला, सही करून दिली. विद्यार्थ्यांना मी अडवत नाही.

जाताना म्हणते, शिरपूरले आणखी दोन दिवस जाऊन येतो. शिरपूर जैनला! अभ्यासाच्या नावाखाली देवदर्शन. लक्ष ठेवायला हवं.

१४ नोव्हेंबर
मंडळाचे सचिव डॉ. खालिद यांचा फोन. पदकासाठी दोन परीक्षक, त्यातला एक मी! सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, मंग अध्यक्षच काहून नाही केलं? म्हटलं, तुला राजकारण कळत नाही.

दुपारी आडवा पडल्यावर वाटलं, खरंच, काहून नाही केलं? परीक्षक करून मला गप्प बसवायचा डाव आहे. डोकं दौलतसिंगचं.

‘माझा कोणी विद्यार्थी स्पर्धेत नाही’ असं घोषणापत्र आलंय. सही करून पाठवलं. माझा कोण असणार?

२ डिसेंबर
पेपर आले. नाव नाही, कॉलेज नाही, नुसते नंबर. एकूण नऊ. आठ इंटरनेटवरून उचललेले. सहा नंबरमध्ये फ्रान्सच्या संसदेच्या मधोमध ‘अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा’ तसंच राहिलंय.

सात नंबर मात्र संशयास्पद. चांगला आहे.

३ डिसेंबर
सात पुन्हा वाचला. दोन गावांतल्या बिनविरोध निवडणुकांची तुलना. गाव ‘अ’मध्ये पारावरच्या चार म्हाताऱ्यांनी ठरवलं, गाव ‘ब’मध्ये बचत गटाच्या बायांनी घरोघर विचारून. मतदान दोन्हीकडे नाही. पण एका ठिकाणी सगळ्यांना विचारलं होतं. प्रयागबाई नावाची एक बाई मुलाखतीत म्हणते, आमाले इचारलं ना बापा, मंग मत कायले पायजे?

दोनदा तोंडातून ‘वा!’ निघालं. सौ.ने ऐकलं. चांगलाय का, म्हणाली. खोकला आला म्हणून सांगितलं.

५ डिसेंबर
तपास. गाव ‘ब’मध्ये जुनं मंदिर आहे, यात्रेकरूंच्या गाड्या येतात. म्हणजे शिरपूर जैन, शेंबडं पोरही सांगेल. आणि दौलतसिंगची सासुरवाडी त्याच तालुक्यात! सापडला.

गाव ‘अ’ तर आमच्या कारंजा तालुक्यातलं वाटतं. म्हणजे आमच्यात माणूस पेरून माहिती काढली. कोण असेल? शिरपूरला कोण जाऊन आलं?

वैभवी. अस्तनीतला निखारा!

८ डिसेंबर
वैभवीला आडून विचारलं, दौलतसिंगांना ओळखतेस? ती म्हणाली, हो सर, पुस्तकं त्यायनंच देल्ली, मांगले तवा. तोंडावर काही नाही. उलट मलाच विचारते, पेपर वाचला का? म्हटलं चाळला. कसा वाटला? म्हटलं मेहनत कमी पडते. तिचे डोळे भरल्यासारखे वाटले. चोराच्या मनात चांदणं.

१२ डिसेंबर. दु. ३
सातला पन्नासपैकी नऊ. पदकाला सरासरी तीस लागते, दुसऱ्या परीक्षकानं पन्नास दिले तरी पोचत नाही. हिशेब करून ठेवलाय.

शेरा चार वेळा लिहिला. इतकं चांगलं मी बऱ्याच वर्षांत लिहिलं नव्हतं. ‘चौथ्या पानावर तक्ता क्र. २ दोनदा आला आहे. दोष विद्यार्थ्याचा नाही. मार्गदर्शकाने हा पेपर एकदाही वाचलेला दिसत नाही. अशा इसमास मंडळाने पाच वर्षे कोणत्याही पदाजवळ फिरकू देऊ नये.’ घे, दौलतसिंग.

क्षणभर त्या पोराचं वाईट वाटलं. कोण का असेना, लिहितो जीव लावून. पण राजकारणात चालायचंच.

३१ डिसेंबर
स्वित्झर्लंड बाकी. नवं जाकीट शिवायला टाकलं. भाषण तयार : ‘मला पदाचा मोह कधीच नव्हता.’ इथे थोडं थांबायचं.

१८ जानेवारी २०२६, रविवार. वाशिम. सायं. ६
मंडळाचं अधिवेशन. लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

वैभवी मागच्या रांगेत. सोबत बाप, जगदेवभाऊ, इस्त्रीचा शर्ट घालून. हे इथे कायले, वाटलं.

खालिद सर मंचावरून म्हणाले, यंदा सुवर्णपदक कोणालाच नाही. मी जाकिटाचं वरचं बटण लावलं. मग म्हणाले, अध्यक्ष ठरवण्याआधी एका परीक्षकाचा मोलाचा शेरा वाचतो. वाचला. टाळ्या पडल्या, सुरुवात मीच केली.

दौलतसिंग उठला. म्हणाला, मी दुसरा परीक्षक, या पेपरले मी सत्तेचाळीस देल्ले, पोरगं हुशार हाये, पण मार्गदर्शकाचं म्हणान तं हे खरंच दिसते. काय नाटकी माणूस! स्वतःच्या विद्यार्थ्याला स्वतःच सत्तेचाळीस! अकोल्याच्या फरहत मॅडमनी ठराव मांडला, की या मार्गदर्शकाला पाच वर्षं पदबंदी. अनुमोदन कोणाचं? मी हात वर केला. उभा राहून केला. एकमतानं मंजूर.

मग खालिद सरांनी पाकीट फोडलं. पेपर नंबर सात, वैभवी जगदेव गावंडे. मार्गदर्शक... इथे ते थांबले, चष्मा पुसला. मार्गदर्शक डॉ. हरीओम इंगोले.

कोणीतरी हसलं. मग सगळेच. त्यात जगदेवभाऊ शेजारच्याला विचारत होते, पोरीले भेटलं का पदक? ते मला इतक्या लांबून ऐकू आलं.

अध्यक्ष दौलतसिंग, ज्येष्ठतेत माझ्यामागे तोच. त्यानं दोनदा नाही म्हटलं, तरी केलं. खालिद सर बाजूला घेऊन म्हणाले, प्रवेशअर्जावर तुमची सही, घोषणापत्रावर बी तुमचीच, आता मी काय करू? शेरा तुमचा हे कोणाले सांगत नाही. भला माणूस. की यातही काही डाव आहे?

नाही. मीच गाढव.

२२ जानेवारी, गुरुवार. दु. १२
वैभवी आली. मार्गदर्शक बदलाचा अर्ज, नवीन नाव दौलतसिंग राठोड. पदक नाही म्हणून बापानं शिक्षण बंद, लग्न पक्कं, असं ठरवलं होतं म्हणे. दौलतसिंग धनजला जाऊन बोलला, जगदेवभाऊंनी दोन वर्षं दिली. मला जायचं सुचलं नव्हतं.

काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, त्या परीक्षकानं तुझं वाटोळं केलं, माणूस जळका असणार.

ती म्हणाली, असंन सर. पण त्यानं माहा पेपर पयल्या पानापासून शेवटल्या पानालोक वाचला, तक्त्याची चूक बी धरली. तुमी तं तेवढंबी नाही केलं.

सांगून टाकावं असं फार वाटलं. अगं, तो मीच, तीनदा वाचला, वा म्हणालो. पण कोणत्या तोंडानं सांगणार?

पेन मागितलं. तिनं दिलं. सही केली.